छापलेलं नाटक की रंगलेलं नाटक? फ्रान्सचे दोन पुरस्कार

फ्रान्समध्ये नाटककाराचं कौतुक दोन वेगळ्या वाटांनी होतं. २००५ साली सुरू झालेला 'ग्राँ प्री द लितेरात्यूर द्रामातिक' हा पुरस्कार मूळ फ्रेंचमध्ये लिहिलेल्या, पुस्तकरूपाने प्रकाशित झालेल्या नाटकाला मिळतो. परीक्षक संहिता वाचतात. नट कोण, नेपथ्य कसं, गल्ला किती जमला, याचा तिथे संबंध नाही. 'मोलिएर' पुरस्कार १९८७ पासूनचे. तिथे नाट्यव्यवसायातली मंडळी मतदान करतात आणि लेखकाचा सन्मानही रंगमंचावर उभ्या राहिलेल्या प्रयोगामुळेच होतो.

फरक विजेत्यांकडे पाहिलं की कळतो. यास्मिना रेझा यांना 'आर्ट'साठी १९९५ मध्ये मोलिएर मिळालं. पांढऱ्या चित्रावरून तीन मित्रांत पेटलेलं भांडण, आणि त्यातला प्रत्येक संवाद नटाच्या तोंडी खुलणारा. २०१३ चा ग्राँ प्री मात्र आलेक्सांद्रा बादेआ यांच्या 'प्युल्वेरिझे'ला गेला. शांघाय, डाकार, ल्यों आणि बुखारेस्टमधली कामाने पिचलेली चार माणसं. बादेआ जन्माने रोमानियन, लिहितात फ्रेंचमध्ये. अशा लेखिकेची संहिता केवळ वाचून निवडली जाते, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रसिद्धी मोलिएरचीच जास्त, सोहळा टीव्हीवर दिसतो. तरी नव्या लेखकाच्या बाजूने मी ग्राँ प्रीलाच झुकतं माप देईन. निर्माता मिळण्याआधीही त्याचं नाटक तिथे पोहोचू शकतं. २०१६ पासून बालकुमारांसाठीच्या नाटकांनाही तिथे स्वतंत्र पुरस्कार आहे.