लॅब की पॉम, घरी पिल्लं कुणाची घ्यायची?

घरात दोन माद्या आहेत, एक लॅब्रॅडॉर, एक पॉमेरेनियन, आणि पिल्लं एकीचीच घ्यायची असतील तर बहुतेक लोक पॉमकडे वळतात, कारण पॉमला १ ते ३ पिल्लं आणि लॅबला सहज ६ ते ८, कधी १०सुद्धा. कमी पिल्लं म्हणजे कमी त्रास असं वाटतं, पण बाळंतपणात उलटं होतं हो.

वजनं बघा. लॅब ३० किलोची, पिल्लू ४०० ग्रॅमच्या आसपास. पॉम ३ किलोची, पिल्लू १२० ग्रॅम. म्हणजे आईच्या मानाने पॉमचं पिल्लू तिप्पट मोठं! त्यात एकच असलं की पोटात आयती जागा मिळते आणि ते अजून वाढतं, शिवाय कळा सुरू व्हायचा इशारा पिल्लांकडूनच जातो, एकट्याचा कधीकधी पुरत नाही आणि दिवस उलटून जातात. आमच्या पॉमचं हेच झालं, रात्री २ वाजता सिझर करावं लागलं, पिल्लू वाचलं पण ती रात्र मी विसरू शकत नाही. म्हणून ५५ दिवसांनंतर एक्सरे काढून डोकी मोजून घ्याच, दोघींपैकी कुणीही असो.

आता पिल्लं किती होणार, तर ते मादीची बीजं किती सुटतात त्यावर. भारी नर आणला म्हणून जास्त होत नाहीत, नर म्हातारा किंवा कमजोर असला तर कमी मात्र होतात. मेटिंगचा दिवस चुकला तरी कमी होतात. माजाचं रक्त दिसल्यापासून अकरावा-बारावा दिवस धरायची पद्धत आहे पण प्रत्येकीचं वेगळं असतं, प्रोजेस्टेरॉनची टेस्ट केलेली बरी, रक्तातल्या या हार्मोनवरून बीजं कधी सुटतात ते कळतं. जवळच्या नात्यातला नर नकोच. मादीचं वय २ ते ४ वर्षं चांगलं, पाचनंतर संख्या घटत जाते, आणि कुत्र्यांच्या ब्रीडिंगच्या २०१७ च्या सरकारी नियमांप्रमाणे १८ महिन्यांच्या आत मेटिंग करायचं नाही.

लॅबचा त्रास नंतर सुरू होतो. १० झाली की त्यात दोन-तीन बारीक निघतात, २५० ग्रॅमची वगैरे, त्यांना दुधाच्या जागेपर्यंत बाकीची पिल्लं पोचूच देत नाहीत, आपण उचलून मागच्या सडांना लावायचं. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर सैलसर बांधा आणि किचनच्या काट्यावर रोज सकाळ-संध्याकाळ वजन करा, पहिल्या दिवसानंतर वजन उतरलं की लगेच डॉक्टर.

खायला दोघींनाही गाभणपणाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. कॅल्शियमच्या गोळ्या गाभण असताना स्वतःहून देऊ नका, पॉमला तर अजिबात नाही, व्यायल्यावर झटके येतात.

मला विचाराल तर लॅबची पिल्लं घ्या, पण महिनाभर झोप सोडायची तयारी आणि आठ घरं आधीच पक्की असतील तरच. पॉमचं करायचंच असेल तर रात्री सिझर करणारा डॉक्टर आधी शोधा, नर नंतर.