नवी पेठेतलं जुन्या लॅपटॉपचं दुकान: स्टिकरवर नाही, आतलं दाखवून विकतात

मी यंत्रमागवाल्यांचे हिशेब आणि जीएसटीची कामं घरून करते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोज ११ चालणारा वापरलेला लॅपटॉप हवा होता. आधी गेले त्या दुकानात '११' चं स्टिकर दाखवलं, पण मशीन उघडून बघू देईनात. तिथून उठले ती थेट नवी पेठेत.

इथल्या दादांनी लॅपटॉप माझ्यापुढेच सरकवला. "ताई, स्टार्टमध्ये सीएमडी (cmd) टाका, एंटर मारा. मग सिस्टिमइन्फो (systeminfo), मधे जागा न सोडता. आता वाचा की तुम्हीच!"

काळ्या पडद्यावर यादी उतरली. 'ओएस नेम'पुढे विंडोज ११ प्रो, पण खालच्या व्हर्जनच्या ओळीत १०.०. मी लगेच हटकलं. ते म्हणाले, ११ मध्येही सुरुवात १०.० चीच असते, बघायचा तो बिल्ड नंबर, म्हणजे आवृत्तीचा नेमका क्रमांक. २२००० किंवा पुढचा असला की ११. इथे २६१०० होता. 'ओरिजिनल इन्स्टॉल डेट' अगदी अलीकडची होती. ते लॅपटॉपचं वय नव्हे, विंडोज नव्याने टाकल्याची तारीख, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. गिऱ्हाइकाला नवा माल म्हणून खपवायला ती तारीख किती सोयीची होती! प्रोसेसरचं नाव या यादीत नीट कळत नाही, ते टास्क मॅनेजरमध्ये दाखवलं: आय-फाइव्ह, आठवी पिढी. इंटेलमध्ये ११ साठी साधारण तिथूनच पुढचे चालतात.

मग विंडोजचं लायसन्स बघायला त्याच काळ्या पडद्यावर एसएलएमजीआर, जागा, स्लॅश एक्सपीआर (slmgr /xpr). छोटी चौकट आली, 'परमनंटली ॲक्टिव्हेटेड'. तिथे संपण्याची तारीख दिसली तर लायसन्स कुठलं, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

भाव घासाघीस करून थोडाच उतरला, पण बिलावर सिरियल नंबर लिहून मिळाला. गाडी लावायला मात्र जागा नाही, संध्याकाळी तर नाहीच.

तक्रार एकच. बॅटरीचा रिपोर्ट ते आपणहून काढत नाहीत. मागून घ्या: पॉवरसीएफजी, जागा, स्लॅश बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport). फाइल तयार होते, त्यात 'डिझाइन कपॅसिटी' (बॅटरीची मूळ क्षमता) आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' (आता पूर्ण चार्ज केल्यावरची) हे दोन आकडे ताडून बघा. माझ्या मशीनचा दुसरा आकडा बराच खाली होता. बोलल्यावर त्यांनी कुरकुर न करता बॅटरी बदलून दिली.