जहाज खरं, कंटेनर खोटा

लिहायला लाज वाटते. एकवीस वर्षं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप चालवणारा माणूस मोबाईलवरच्या निळ्या ठिपक्याला भुलला, हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पण एका बनावट फॉरवर्डरनं, म्हणजे माल जहाजानं परदेशी पोचवून देतो म्हणणाऱ्या एजंटनं, मला बुडवलं आणि गोकुळ शिरगावच्या एका मित्राला परवा तसंच कोटेशन आलं, म्हणून सांगतो.

आधी बुडालेली रक्कम. भाडं १,१८,४००. 'वॉर रिस्क सरचार्ज' ३७,५००. विमा ८,६५०. आणि पंप बॉडीचे ३६० नग, दर २,६३०, म्हणजे ९,४६,८००. एकूण ११,११,३५० रुपये.

अनोळखी फॉरवर्डरला माल दिलाच कसा, असं म्हणाल. आजवर आमचं सगळं एफओबी, जहाज आणि भाडं गिऱ्हाईक बघायचं. डिसेंबर २०२३ मध्ये हुथींच्या हल्ल्यांमुळे मोठ्या शिपिंग लाइनींनी, म्हणजे जहाज कंपन्यांनी, तांबडा समुद्र सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा धरला. दहा-चौदा दिवस वाढले, भाडं रोज बदलायला लागलं. जर्मन गिऱ्हाईक म्हणालं, आता सीआयएफ हॅम्बुर्ग द्या, म्हणजे तिथवरचं भाडं आणि विमा तुम्हीच बघा. झालं, डोकेदुखी माझ्या गळ्यात. ओळखीचे फॉरवर्डर तीन दिवसांच्या वर दर धरायला तयार नव्हते. अशात हा उगवला. दर पंधरा दिवस पक्का, एलसीएलमध्ये, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरात, जागा पक्की, वर 'एआयवर चालणारं रिस्क मॅनेजमेंट'. लिंक उघडली की नकाशा, जहाज, वादळाचे आणि युद्धाचे लाल पट्टे. नाद खुळा! २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तेव्हा माल अडकून मी दंड सोसलाय. धोका आधी कळणार म्हटल्यावर माझ्या जागी कुणीही पाघळला असता.

२२ जानेवारीला नऊ पॅलेट न्हावा शेवाजवळच्या त्यांच्या शेडला गेली. चार दिवसांनी बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीचा, ड्राफ्ट आला.

इथंच मी झोपलो. आमचा डिस्पॅचचा पोरगा फाईल लावता लावता म्हणाला, "मालक, कंटेनर नंबरात एक आकडा कमी हाय बगा." चार अक्षरं आणि सहाच आकडे. खऱ्या कंटेनरवर चार अक्षरं, चौथं बहुतेक यू, आणि पुढे सात आकडे असतात. सातवा आकडा आधीच्या अक्षर-आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो, नंबर लिहिताना चूक झाली तर पकडता यावी म्हणून. हे मला माहीत होतं! इतक्या वर्षांच्या फायलींत बघितलंय. तरी मी त्या पोरावरच खेकसलो, "टायपिंग चुकलं असंल, लाव फायलीला." फोन केला तर पलीकडून, "सर, ड्राफ्ट आहे, फायनलला करेक्शन येईल." पाठोपाठ जहाजाची लिंक. जहाज सुटलं होतं. मग पाच आठवडे रोज रात्री जेवण झालं की जहाज कुठवर पोचलं ते मी बायकोला दाखवायचो. आफ्रिकेचं टोक ओलांडलं तेव्हा तर पेढे आणायचेच राहिले होते.

जहाज खरंच होतं. मोठी जहाजं एआयएस नावाच्या रेडिओ यंत्रणेवर आपली जागा सारखी कळवत असतात, ती कुणालाही फुकट बघता येते. त्यावर माझा माल नव्हता, एवढंच. मार्चमध्ये गिऱ्हाइकाचा हॅम्बुर्गचा एजंट म्हणाला, या नंबरचं बिलच नाही. शेडला गेलो तर कुलूप. समोरचा चहावाला म्हणाला, तीन महिन्यांच्या भाड्यावर घेतली होती. वीस मायक्रॉनात बोअर बसवलेले माझे नग बहुतेक भंगाराच्या काट्यावर गेले.

फॉरवर्डरच्या स्वतःच्या हाऊस बिलावर समाधान मानू नका, जहाज कंपनीच्या मास्टर बिलाचा नंबर मागा आणि लाइनच्या साईटवर स्वतः टाका. शिपिंग बिलाचं, म्हणजे कस्टम्सच्या निर्यात कागदाचं, पीडीएफ बघू नका, कस्टम्सच्या आइसगेट साईटवर बघा. माझं पीडीएफ हुबेहूब होतं. पॉलिसी विमा कंपनीला फोन करून तपासा, माझी ८,६५० ची पॉलिसी म्हणजे नुसती रंगीत प्रिंट.

आता तक्रारीचं ऐका. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो. मी सहा आठवड्यांनी केला, तोवर खातं रिकामं. पहिल्या पोलीस ठाण्यात म्हणाले, माल तिकडं गेला, तिकडं जावा. तिकडं म्हणाले, पैसे कोल्हापुरातून दिले, तिथं नोंदवा. परत आलो तर साहेब म्हणाले, "हे दिवाणी आहे, वकील बघा." माल पळवला, कागद बनावट, आणि हे दिवाणी! बँकेने समोरच्या खातेदाराची माहिती गोपनीय म्हणून दिली नाही. माझी मात्र पाच वर्षांची स्टेटमेंटं मागितली. चोर तो की मी?

त्यावर कडी म्हणजे जीएसटी. माल एलयूटीवर, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याच्या हमीपत्रावर, काढलेला. विक्रीच्या बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत निर्यात झाली नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत कर व्याजासकट भरायचा. १८ टक्क्यांनी १,७०,४२४ रुपये, व्याज वेगळं, तेही १८ टक्क्यांनीच. गेलेल्या मालावर कर! मुदतवाढ मागायला गेलो तर चोरीचा एफआयआर आणा म्हणाले. एफआयआर कुठून आणू? ठाणं तर दिवाणी म्हणतंय.

हो, एक राहिलं. फॉरवर्डरकडे नौवहन महासंचालनालयाची एमटीओ (मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट ऑपरेटर) नोंदणी आहे का विचारा. मी विचारलं नव्हतं. नकाशा बघत बसलो होतो.

परवा दुसऱ्या ठाण्यातून फोन आला, जबाबाला या. तिसऱ्यांदा. येताना मालाचा नमुना घेऊन या म्हणाले. एक नग चौदा किलो चारशे ग्रॅमचा. त्याच पोराला सोबत घेऊन एसटीनं निघालोय, पिशवी तो धरणार आहे.