गुन्हा कबूल करण्याआधी: मोफत वकिलाची सेवा कितपत कामाची?

सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या नाशिक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअभिरक्षकांची, म्हणजे मोफत बचाव वकिलांची, सेवा मिळते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट नाही. नाशिकरोड कारागृहातला कच्चा कैदी नुसता अर्ज देऊनही वकील मागू शकतो.

या सेवेची खरी किंमत कळते ती ‘कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो’ असा सल्ला मिळतो तेव्हा. मोकळं होणं इतकं सोपं नसतं. कबुलीवर शिक्षा लागली की तो दोषसिद्धीचा निकाल असतो, मग दंड पाचशेचा असो की कोर्ट उठेपर्यंतची कैद. चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो. शिवाय अपील जवळजवळ संपतं. शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे, एवढ्यापुरतंच ते उरतं.

मारहाणीची केस घ्या, भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२). आरोपी म्हणतो, “मारलं साहेब, पण आधी त्यानं काठी उगारली.” ही कबुली नाही, हा बचाव आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २७५ सांगतं की समन्स केसमध्ये, म्हणजे किरकोळ गुन्ह्याच्या खटल्यात, कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी. पण छापील नमुन्यात ‘गुन्हा कबूल आहे काय? होय’ एवढंच उतरलं, तर काठी कागदावरून गायब! जाणकार वकील इथेच थांबवतो. फिर्यादी राजी असेल तर याच कलमात तडजोड होते आणि तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा असतो. कबुलीपेक्षा तो रस्ता कितीतरी बरा.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत प्ली बार्गेनिंगही आहे, म्हणजे कबुलीच्या बदल्यात कमी शिक्षेची तडजोड, मात्र महिला किंवा मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांत नाही. दोषारोप ठेवल्यापासून ३० दिवसांत अर्ज हवा, सोबत प्रतिज्ञापत्र. किमान शिक्षा ठरलेली नसेल आणि गुन्हा पहिलाच असेल, तर शिक्षा एक षष्ठांशापर्यंत खाली येऊ शकते. बहुतेकांची ही मुदत नकळत उलटून जाते, याची फार खंत वाटते.

सेवा चांगली आहे, पण वेळेवर गेलात तर. पुकारा झाल्यावर मिळालेला वकील जामीन बघेल, चार्जशीट वाचायला त्याला वेळ कुठला? आधीच्या तारखेलाच गाठा. चार्जशीटची प्रत, पंचनामा आणि वैद्यकीय दाखला सोबत न्या. तीन प्रश्न थेट विचारा: तडजोड होते का, परिवीक्षा कायदा (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याचा) लागतो का, कोठडीतले दिवस शिक्षेतून वजा होतील का?

अर्ज कुठे द्यायचा कळत नसेल तर १५१०० वर फोन करा. आणि कबुली दिलीच, तर निकालाची प्रत आणि दंडाची पावती घेतल्याशिवाय कोर्टाबाहेर पडू नका.