इतवारीच्या दुकानात एसएसएच सर्व्हर : आठ महिन्यांचा अनुभव

नागपूरच्या इतवारीत आमचं ठोक किराण्याचं दुकान. हिशेब सगळा तिथल्या जुन्या डेस्कटॉपवर, आणि मी राहतो मनीषनगरला. रात्री एखादी एन्ट्री राहिली की गाडी काढून परत जावं लागायचं. म्हणून नोव्हेंबरात त्या मशीनवर उबुंटू सर्व्हर (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम) टाकून एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर नेटवरून सुरक्षित लॉगिन करायची सोय, सुरू केली. असलं काम पहिल्यांदाच करत होतो.

पहिले चार दिवस बाहेरून लागतच नव्हतं. राउटरवर पोर्ट २२ (एसएसएचचं दार) त्या मशीनकडे फॉरवर्ड केलं, फायरवॉल उघडली, तरी टाइमआउट. शेवटी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, पाहिला, तो १००.६४ पासून सुरू होणारा. म्हणजे इंटरनेटवाल्याने अनेक गिऱ्हाइकं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेली. बाहेरची हाक आपल्यापर्यंत पोचणारच नाही. जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी (आपला स्वतंत्र, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घेतला, त्याच दिवशी लागलं. हे आधी तपासा, माझे चार दिवस वाया गेले.

त्या संध्याकाळी लॉग (लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद) उघडला आणि पोटात गोळा आला. रूट, ॲडमिन, टेस्ट अशी नावं घेऊन अनोळखी पत्ते एकामागून एक पासवर्ड लावून बघत होते. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरीला गेले, त्यानंतर तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. वाटेतली चोरी त्याने थांबते. पण पासवर्डच अंदाजाने सापडला तर एसएसएच काय करणार?

लगेच लॅपटॉपवर ईडी२५५१९ प्रकारची किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइलींची जोडी) बनवली, तिचा सार्वजनिक भाग सर्व्हरवर ठेवला, खासगी भाग लॅपटॉपवरच. सर्व्हरने ती नाकारली, कारण फोल्डरची परवानगी सैल होती. फोल्डरला ७०० आणि आतल्या फाइलला ६०० (म्हणजे फक्त मालकालाच हात लावता येईल अशी) परवानगी दिल्यावर चालली. मग एसएसएचच्या मुख्य कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये पासवर्ड लॉगिनला ‘नो’ लिहून सर्व्हिस रीस्टार्ट केली.

तीन आठवडे निर्धास्त होतो. दादा रोज शटरला कुलूप लावल्यावर दोनदा ओढून पाहतो. एकदा मला म्हणाला, “तू तुह्या त्या कुलपाले ओढून पाह्यलं का?” घरी आल्यावर, किल्ली नसलेल्या फोनवरून लॉगिन करून पाहिलं. समोर पासवर्ड विचारणारी ओळ!

उबुंटूच्या इन्स्टॉलरने एका उपफोल्डरमध्ये ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल ठेवली होती आणि तिच्यात ‘येस’ होतं. मुख्य फाइल ते उपफोल्डर सुरुवातीलाच वाचते, आणि एसएसएच पहिलं सापडलेलं मूल्य धरतं. माझ्या ‘नो’ला काही किंमतच नव्हती. तिथे ‘नो’ केलं, एसएसएच सर्व्हरच्या कमांडला मोठ्या टीचा (-T) पर्याय देऊन प्रत्यक्ष लागू असलेली सेटिंग स्क्रीनवर छापून पाहिली, फोनवरून पुन्हा प्रयत्न केला. या वेळी सरळ नकार. हे सगळं करताना आधीची लॉगिन विंडो उघडीच ठेवली होती. ती बंद करून नवं लॉगिन फसलं असतं तर दुकान गाठावं लागलं असतं.

फेल-टू-बॅनही लावलंय, म्हणजे वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्या पत्त्याला अडवणारा प्रोग्रॅम. मूळ सेटिंगप्रमाणे पाच चुकांनंतर तो पत्ता दहा मिनिटं बाहेर. लॉगमधली गर्दी त्याने कमी झाली, पण खरा आधार किल्लीचाच.

मे महिन्यात दुपारी लाइट गेली की मशीन बंद पडायचं आणि दादाला फोन करून बटण दाबायला सांगावं लागायचं. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय होती, ती लावली. आता लाइट आल्यावर दोन-तीन मिनिटांत लॉगिन होतं. लॅपटॉप बिघडला तर म्हणून एक जादा किल्ली बनवलीय, तिचा पेनड्राइव्ह आईच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याजवळ ठेवलाय.