कॅनडातल्या नवऱ्याकडे जायचंय: ठाण्यात बसून अर्ज करावा की तिथे जाऊन?

बघण्याच्या कार्यक्रमात मुलगा ‘कॅनडात सेटल’ आहे एवढं कळतं. पगार विचारला जातो, घर स्वतःचं की भाड्याचं हेही कुणीतरी काका हळूच काढून घेतात. पण तो तिथे नेमका कशावर आहे, नागरिक, पीआर (कायमचा रहिवासी), वर्क परमिट की स्टुडंट परमिट, हा प्रश्न मागेच पडतो. आणि लग्नानंतर बायको तिकडे कधी आणि कशी पोहोचणार हे सगळं त्यावरच ठरतं.

जोडीदाराला स्पॉन्सर करता येतं फक्त नागरिकाला आणि पीआरला. तो परमिटवर असेल तर रस्ता वेगळा, त्याबद्दल पुढे लिहिलंय. इथे मुलगी ठाण्यात आणि नवरा तिकडे असं धरलंय; उलट असेल तर नियम तेच, फक्त नातेवाइकांचे टोमणे वेगळे.

पीआर किंवा नागरिक नवरा असलेल्यांपुढे दोन पर्याय. एक ‘आउटलँड’: तुम्ही ठाण्यात राहायचं, अर्ज इथून चालू द्यायचा, मंजूर झाला की कायमचं जायचं. दुसरा ‘इनलँड’: बहुतेक वेळा व्हिजिटर व्हिसावर आधी जायचं, त्याच्याबरोबर एका घरात राहायचं आणि तिथून अर्ज टाकायचा.

खर्चावरून यातला एक निवडता येणार नाही, कारण फी दोन्हीकडे सारखीच. ३० एप्रिल २०२४ च्या दरवाढीत स्पॉन्सरशिपचे ८५, छाननीचे ५४५ आणि पीआर हक्काचे ५७५, असे मिळून १,२०५ कॅनेडियन डॉलर झाले. बोटांच्या ठशांचे ८५ वेगळे. हे दर दोन वर्षांनी वाढतात, तेव्हा भरायच्या दिवशी चालू आकडा बघून घ्या. नवऱ्यावरची जबाबदारीही सारखीच. तुम्ही पीआर झाल्यापासून तीन वर्षं तुमच्या खर्चाची हमी त्याची, मधे घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही. किमान उत्पन्नाची अट मात्र बहुतेक जोडप्यांना नाही. ब्रिटनमध्ये ती वर्षाला २९,००० पौंडांची आहे हे ज्यांच्या घरात दुसरं स्थळ लंडनचं आलंय त्यांना माहीत असेलच.

‘लवकर कुठलं होतं?’ हा पहिला प्रश्न सगळ्या विचारतात. आउटलँडसाठी तिथल्या इमिग्रेशन विभागाचं स्वतःचं उद्दिष्ट १२ महिन्यांचं आहे. इनलँडला अलीकडे त्याहून जास्त वेळ लागतोय. नवरा माँट्रियलला असेल तर हे दोन्ही हिशेब बाजूला ठेवा. क्यूबेक प्रांत आपली हमी वेगळी घेतो आणि जून २०२४ पासून दोन वर्षांसाठी त्यांनी कुटुंबीयांच्या अर्जांवर १३,००० ची मर्यादा घातली. टोरांटोतल्या मैत्रिणीला किती महिने लागले ते तिथे उपयोगाचं नाही.

पण माझ्या मते निवड वेगावर करूच नये. वाट बघण्याचा काळ तुम्ही कुठे, कुठल्या कागदावर आणि कुणाच्या पैशावर काढणार, हे बघावं.

आउटलँडमध्ये तो काळ ठाण्यात जातो. ऐरोलीची किंवा वागळे इस्टेटची नोकरी चालू राहते, पगार आणि पीएफ चालू राहतो, नोटीस पीरियड शेवटी देता येतो. तिकडे उतरता त्या दिवशी तुम्ही पीआर असता, म्हणजे वर्क परमिट वगैरे काही न मागता दुसऱ्या दिवसापासून नोकरी शोधू शकता. अर्ज नामंजूर झाला तर नवऱ्याला इमिग्रेशन अपील विभागात दाद मागता येते. हा हक्क कामी येईपर्यंत कुणाला त्याची किंमत वाटत नाही.

त्रास उघड आहे: नवं लग्न आणि व्हिडिओ कॉलवर संसार. शिवाय राहायचं कुठे हा खास आपला प्रश्न. नवरा ब्रॅम्प्टनला आणि सून घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये सासू-सासऱ्यांबरोबर, ज्यांना ती साखरपुड्यापासून जेमतेम ओळखते. काही घरांत हे छान जमतं, काही ठिकाणी दोन महिन्यांत रोजच्या भाजीवरून धुसफूस सुरू होते. कॅनडाला यात काहीही देणंघेणं नाही. अर्जदाराने सासरी राहावं अशी अट कुठेच नाही, तेव्हा ऑफिसला जवळ पडेल तिथे राहा. सणावारी सासरी गेलात त्याचे फोटो मात्र ठेवा, उपयोगी पडतात.

इनलँडचं आकर्षण एकच आणि मोठं: एकत्र राहता येतं. अर्ज मिळाल्याची पोच आली की ओपन वर्क परमिट (कुठल्याही कंपनीत काम करायचा परवाना) मागता येतं, ते आलं की कमाईही सुरू. मात्र ते येईपर्यंत तुम्ही पाहुण्या. तिथे नोकरी करता येत नाही, आजारपणासाठी प्रवास विमा आपल्या खिशातून. इथल्या कंपनीचं काम तिथून लॅपटॉपवर करणं कॅनडाच्या नियमात बसतं, पण तुमच्या एचआरला ते चालेल का हे आधी लेखी विचारा. बऱ्याच कंपन्या लॅपटॉप देशाबाहेर नेऊ देत नाहीत. व्हिजिटर म्हणून साधारण सहा महिने मिळतात आणि मुदत संपायच्या आत वाढवून घ्यावी लागतात. इनलँडचा पायाच ‘एकत्र राहणं’ हा असल्याने मधे भावाच्या लग्नाला किंवा आजीला बघायला ठाण्याला आलात आणि परत प्रवेश मिळाला नाही, तर अर्जच अडचणीत येतो. नामंजूर झाल्यास अपील विभाग नाही. राहतो तो फेडरल कोर्टाचा दरवाजा, आणि तोही आधी परवानगी घेऊन.

यात एक तिसरा मधला प्रकार आहे जो एजंट फारसा सांगत नाहीत. आउटलँड अर्ज केलेल्या व्यक्तीने त्या काळात कॅनडात असायला बंदी नाही. अर्ज आउटलँड ठेवायचा आणि व्हिजिटर व्हिसा मिळाला तर नवऱ्याकडे जाऊन राहायचं. २०२३ पासून जोडीदाराबरोबर तिथे राहणाऱ्या अशा अर्जदारांनाही ओपन वर्क परमिट मागता येतं. अपीलचा हक्क शाबूत, आणि ठाण्याला येऊन गेलात तरी अर्ज मोडत नाही. व्हिजिटर व्हिसा मिळत असेल तर इनलँडपेक्षा मला हेच बरं वाटतं.

व्हिसा मिळेलच असं नाही, हे खरं. कायमचं जाण्याचा विचार असताना तात्पुरता व्हिसा मागणं कॅनडाच्या कायद्यात चालतं, फक्त मुदत संपल्यावर परताल अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. ठाण्यातली चालू नोकरी आणि मंजूर रजेचं पत्र इथे कामाला येतं. राजीनामा देऊन व्हिसा मागायला गेलात तर सांगायला काही उरत नाही. ‘फॉर्मवर लग्न झालंय ते लिहू नका, अविवाहित टाका’ असा सल्ला कुणी दिला तर तिथूनच उठा. खोटी माहिती पकडली गेली तर पाच वर्षांची बंदी येते, आणि पुढे स्पॉन्सरशिपच्या फॉर्मवर लग्नाची तारीख तर लिहायचीच आहे.

तारखेवरून एक गोष्ट, आणि या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाची वाटते ती हीच. आपल्याकडे हल्ली नोंदणी आधी आणि हॉलमधलं लग्न नंतर असं सर्रास करतात. समजा कागदपत्रं लवकर व्हावीत म्हणून डिसेंबरमध्ये रजिस्टर लग्न उरकलं, पत्रिकेवरचा मुहूर्त मे महिन्यातला, आणि मधे फेब्रुवारीत मुलाचा पीआर झाला. घरच्यांच्या लेखी लग्न मेमध्ये. कॅनडाच्या लेखी डिसेंबरमध्ये. पीआर होताना त्याने स्वतःला अविवाहित म्हणवून घेतलं असेल, तर जी बायको त्याने जाहीरच केली नाही तिला नंतर कुटुंब गटात स्पॉन्सर करता येत नाही. २०१९ पासून काही जणांना यातून सवलत देणारं एक तात्पुरतं धोरण आलं, पण त्याच्या भरवशावर मुहूर्त काढू नका. त्याचा पीआर चालू असेल तर एकतर लग्न जाहीर करून तुमचं नाव त्याच अर्जात घालावं, किंवा नोंदणीसकट सगळं पीआर झाल्यानंतर करावं.

नोंदणीचं वेळापत्रकही आधीच आखा. महापालिकेत नोंदणीला दोघं स्वतः हजर लागतात, शिवाय तीन साक्षीदार आणि गुरुजींची सही. नवरा तीन आठवड्यांच्या रजेवर आलाय, त्यातला एक आठवडा देवदर्शन आणि केळवणात गेला, आणि प्रमाणपत्राची आठवण विमानतळावर, असं करू नका. विशेष विवाह कायद्याखाली करणार असाल तर ३० दिवसांची नोटीस आहे; ती तो यायच्या आधीच लागलेली हवी.

ठरवून झालेल्या लग्नावर कॅनडाचे अधिकारी संशय घेतात अशी भीती घालतात. संशय घेतात तो जिथे गोष्ट जुळत नाही तिथे. नात्याबद्दलचा जो लांबलचक फॉर्म आहे, ५५३२ क्रमांकाचा, त्यात पहिली भेट कधी, ओळख कुणी करून दिली, समारंभ कुठले झाले, कोण कोण आलं, सगळं विचारलेलं असतं. ‘आत्याने स्थळ आणलं, पत्रिका जुळली, दोन वेळा तलावपाळीला भेटलो’ हे उत्तर अगदी चालतं, फक्त नवऱ्याच्या उत्तरात आत्याची मामी होऊ नये. फोटो वीसपर्यंतच, चॅटची पानं दहापर्यंत. वीसही फोटो स्टेजवरचे, फेट्यात आणि शालूत, असे देऊ नका. लग्नाआधीचे, नंतरचे, दोन्हीकडच्या माणसांबरोबरचे, वेगवेगळ्या दिवसांचे द्या. पत्रिका मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं, आणि तो भाषांतरकार घरचा माणूस असून चालत नाही. इंग्रजीची प्राध्यापक असलेली वहिनी इथे बाद.

नावाचंही बघा. लग्नात तांदळावर नवं नाव लिहिलं असेल आणि ते कुठेही वापरात असेल, तर फॉर्ममधल्या ‘इतर नावं’ या रकान्यात ते जातं. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, आधारवर नवऱ्याचं, बँकेत अजून तिसरंच, अशी खिचडी असेल तर अर्ज मंजूर होईपर्यंत पासपोर्टवरच्या नावाला धरून राहा. सासूबाईंना वाईट वाटेल. आडनाव नंतरही बदलता येतं.

लग्नाआधी विचारायच्या दोन गोष्टी राहिल्या. मुलगा स्वतः पहिल्या बायकोच्या स्पॉन्सरशिपवर पीआर झाला असेल, तर पाच वर्षं त्याला कुणा जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही. त्याने पहिल्या बायकोला स्पॉन्सर केलं असेल तर तिच्या हमीची तीन वर्षं संपेपर्यंत तुमचा नंबर लागत नाही. घटस्फोटित स्थळ असेल तर हुकूमनाम्याबरोबर हेही विचारून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि मुलीच्या आईवडिलांसाठी: पीआर टिकवायला दोन वर्षं एकत्र राहिलंच पाहिजे ही जुनी अट एप्रिल २०१७ मध्ये रद्द झाली. अमेरिकेत नव्या लग्नाला ग्रीन कार्ड आधी दोन वर्षांचं सशर्त मिळतं. कॅनडात मुलगी उतरल्या दिवसापासून स्वतःच्या पायावर पीआर असते.

आता परमिटवाले. इथे स्पॉन्सरशिप नाहीच. बायकोला मिळू शकतं ते ओपन वर्क परमिट, आणि २१ जानेवारी २०२५ पासून त्याची दारं बरीच अरुंद झालीत. नवरा विद्यार्थी असेल तर किमान १६ महिन्यांचं मास्टर्स, पीएचडी किंवा ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रम हवा. कॉलेजच्या दोन वर्षांच्या डिप्लोमावर गेलेल्यांच्या बायकांना ते आता मिळत नाही, आणि ठाणे-नवी मुंबईतून गेलेली कितीतरी मुलं याच डिप्लोमावर आहेत. नोकरीत असेल तर काम वरच्या दर्जाचं किंवा निवडक यादीतलं हवं, आणि तुमच्या अर्जाच्या वेळी त्याच्या परमिटचे किमान १६ महिने शिल्लक हवेत. या अटींत बसत असाल तर मी स्पॉन्सरशिपची वाट न बघता असं जायला सांगेन, कारण त्याच्या एक्सप्रेस एंट्रीच्या (गुणांवर पीआर देणाऱ्या योजनेच्या) अर्जात तुमचं नाव घातलं की दोघांचा पीआर एकदमच होतो. विवाहित अर्जदाराचे स्वतःचे मूळ गुण ५०० ऐवजी ४६० पैकी मोजतात, उरलेले ४० तुमच्या शिक्षणावर, इंग्रजीवर आणि कॅनडातल्या अनुभवावर. म्हणजे आयईएलटीएस त्याने एकट्याने देऊन भागत नाही. ठाण्यात बसल्याबसल्या तेवढं तरी उरकून घ्या.

एजंट हवाच का? दोघांची ही पहिली लग्नं, मुलं नाहीत, पूर्वी कुठला व्हिसा नाकारलेला नाही, अशा साध्या प्रकरणात नाही. सप्टेंबर २०२२ पासून अर्ज ऑनलाइनच भरतात, आणि वर लिहिलेली नात्याची हकीकत तुमच्याऐवजी दुसरा कुणी नीट लिहूही शकत नाही. गुंतागुंत असेल तर घ्या, पण परवाना क्रमांक मागा आणि कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या अधिकृत नोंदवहीत तो स्वतः तपासा. वाशीच्या काचेच्या ऑफिसात भिंतीवर मेपलचं पान लावायला परवाना लागत नाही.

पोलीस क्लिअरन्स शेवटी काढा. सध्या राहता त्या देशाचं प्रमाणपत्र अर्जाआधीच्या सहा महिन्यांतलं लागतं. लग्नाच्या उत्साहात आधीच काढून ठेवलं तर बाकीचे कागद जमेपर्यंत ते शिळं होतं आणि पासपोर्ट सेवा केंद्राची फेरी पुन्हा. पासपोर्टवर पत्ता डोंबिवलीच्या माहेरचा आणि राहता ठाण्याच्या सासरी, असं असेल तर पडताळणीला लागणारे दिवसही त्यात धरा.