डिंक सुटला तरी टाकवत नाही : ‘अ ख्रिसमस कॅरोल’, आठ महिन्यांनंतर

मागच्या डिसेंबरात ऑनलाइन १४९ रुपयांना घेतलेली प्रत एप्रिलच्या उन्हाने उसवली. डिंक वाळून कडकडीत झाला आणि पाचवा, म्हणजे शेवटचा भाग अख्खा हातात आला. विक्रेत्याचं उत्तर: परतीची मुदत सात दिवस. असो.

चार्ल्स डिकन्सची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: कंजूष स्क्रूजला नाताळच्या आदल्या रात्री भुतं भेटतात आणि सकाळी तो पार बदललेला असतो. माझं भांडण पगारवाढीशी आहे. जन्म हिशेबखात्यात गेला, त्यामुळे आकडा दिसला नाही की चैन पडत नाही. स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट, त्याला आठवड्याला १५ शिलिंग (पौंडाला वीस) मिळतात, हे डिकन्स स्वच्छ सांगतो. म्हणजे वर्षाला ३९ पौंड, आणि घरात सहा पोरं. बॉबच्या पोरासाठी, पीटरसाठी, पाहिलेल्या नोकरीचे साडेपाच शिलिंगही सांगतो. स्क्रूजचा तरुणपणीचा मालक फेझिविग, त्याच्या नाचगाण्याला फार तर तीन-चार पौंड लागले असतील, हेही. बॉबच्या घरी टर्की पाठवायची म्हणून टर्कीवाल्याला बोलवायला धाडलेल्या पोराला एक शिलिंग, पाच मिनिटांच्या आत आला तर अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग! आणि शेवटी स्क्रूज बॉबला म्हणतो, तुझा पगार वाढवतो. किती? लेखक गप्प. आदल्या दिवशी स्क्रूज गरिबांसाठी वर्गणी मागणाऱ्या गृहस्थाच्या कानात रक्कम सांगतो, तीही आपल्याला ऐकू येत नाही. पक्का आकडा हाती लागतो तो एकच: कोळशाची एक नवी बादली.

म्हणून डिसेंबरात दोन तारे दिले होते. एका रात्रीत उपरती, एक टर्की, सगळे खूश. आमच्याकडे निवडणुकीआधी ब्लँकेटं वाटतात, त्यातलाच प्रकार वाटला.

एप्रिलमध्ये सुटी पानं फेव्हिकॉलने चिकटवताना तो वर्गणीचा प्रसंग पुन्हा वाचला. रक्कम ऐकून गृहस्थाचा श्वास अडकतो, तेव्हा स्क्रूज त्याला सांगतो की यात मागची बरीच थकबाकी धरली आहे. पहिल्या वेळी हे वाक्य माझ्या नजरेतून सुटलं होतं, हिशेबनीस असून! थकबाकी म्हणजे देणं. ते चुकतं केल्याबद्दल कुणी हारतुरे देत नाही. स्क्रूजही हे दान म्हणून मांडत नाही, आजवर बुडवलेलं म्हणून मांडतो. तिथे तारे चार केले.

मग आधीचंही नीट दिसायला लागलं. तुरुंग नाहीत का, वर्कहाउस (गरिबांना ठेवून राबवून घेणारी घरं) नाहीत का, त्यांच्या खर्चाला मी हातभार लावतोच, असं स्क्रूज सुरुवातीला वर्गणी मागणाऱ्यांना सुनावतो. इंग्लंडात १८३४च्या कायद्याने गरिबांना त्या वर्कहाउसची वाट दाखवली होती. ‘आम्ही टॅक्स भरतो ना?’ हे आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वर्षी कोणीतरी म्हणतंच, दोनदा मीसुद्धा म्हटलंय. पुढे त्याला भेटलेल्या भुतांपैकी एक झग्याखालून दोन हडकुळी पोरं काढतं, अज्ञान आणि दैन्य, आणि स्क्रूजचेच प्रश्न त्याच्या तोंडावर फेकतं. डिकन्सला हे कुणी सांगायला नको होतं. बारा वर्षांचा असताना बाप कर्जापायी मार्शल्सी तुरुंगात, आणि हा बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबलं डकवत होता, आठवड्याला सहा शिलिंगांवर. १८४३च्या सप्टेंबरात तो लंडनच्या फील्ड लेनमधली फाटक्या पोरांची शाळा बघून आला आणि १९ डिसेंबरला पुस्तक बाजारात.

किंमत मात्र पाच शिलिंग. बॉबच्या आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा! रंगीत चित्रं, सोनेरी कडा, सगळी हौस. ६००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या आणि लेखकाच्या पदरात पडले सुमारे २३० पौंड, कारण निर्मितीचा खर्च त्याचाच. कंजुषीविरुद्ध लिहिताना बाबाला खर्च आवरला नाही.

तरी पगारवाढीचं माझ्या डोक्यातून जात नाही. मे महिन्यात सोसायटीच्या वॉचमनचा विषय निघाला. ‘काहीतरी वाढवू’ असं इतिवृत्तात लिहायला निघाले होते. मी म्हटलं, आकडा घाला. तीन वर्षं वाढ दिलेली नव्हती, तीही धरा. तासभर वाद झाला. महिना ९०० रुपये ठरले. थकबाकीचा ठराव नामंजूर.

जूनच्या दमटपणात चिकटवलेला भाग पुन्हा सुटला, आता रबरबँड लावलाय. शिवलेल्या बांधणीची प्रत ३९९ ला मिळते म्हणतात. बघू.